अमेरिकन कॉलेज खेळ आणि कपड्या-बुटांच्या कंपन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची धामधूम सुरू झाली की आमच्याकडे हेच प्रश्न फिरून येतात. काही भारतात बसून सामने पाहणाऱ्यांचे असतात, काही मुलं तिकडे शिकत असलेल्या पालकांचे, तर काही विद्यार्थ्यांचे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुळात हा प्रकार काय आहे? कंपनी कॉलेजला पैसे देते ते नक्की कशाचे?

कंपनी विद्यापीठाच्या खेळ विभागाशी काही वर्षांचा करार करते. जर्सी, बूट, सरावाचे कपडे, बॅगा, मोजे असा सगळा माल कंपनी पुरवते आणि मोठं विद्यापीठ असेल तर वर रोख रक्कमही देते. त्या बदल्यात सामन्यात, सरावात, प्रवासात आणि पत्रकार परिषदेत खेळाडू व कोच फक्त त्याच कंपनीचा माल वापरतात. शिवाय कंपनीला सामन्यांची तिकिटं मिळतात, मैदानावर जाहिरातीची जागा मिळते, कोचने कंपनीच्या कार्यक्रमांना किती वेळा यायचं हेही लिहिलेलं असतं.

या धंद्यात मोठी नावं तीनच: नाइकी (जॉर्डन ब्रँड त्यांचाच), आदिदास आणि अंडर आर्मर. करारावर सही विद्यापीठाची आणि कंपनीची असते. बूट ज्याच्या पायात जातात त्याची सही कुठेच नसते. पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघतात.

२. पण ही तर कॉलेजची पोरं! त्यांच्यावर एवढा खर्च का?

आपल्याकडचं आंतरमहाविद्यालयीन क्रीडा संमेलन डोळ्यासमोर आणलंत तर हे कळणार नाही. मिशिगन विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर लोक बसतात, आणि ते भरतं. सामने देशभर टीव्हीवर दिसतात.

दुसरं कारण माजी विद्यार्थी. व्यावसायिक संघाचा चाहता एखाद वेळी संघ बदलेल, पण ओहायो स्टेटमधून पदवी घेतलेला माणूस साठाव्या वर्षीही ओहायो स्टेटचीच टोपी घालतो आणि नातवंडालाही तीच घेतो. त्या टोपीवर कोणाचा लोगो असावा, याची ही बोली आहे.

तिसरं कारण उद्याचे तारे. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये जाणारा मुलगा कॉलेजात ज्या ब्रँडचे बूट घालून नावारूपाला आला, त्याच कंपनीशी त्याने पुढे वैयक्तिक करार करावा अशी आशा असते. त्यासाठी शाळकरी वयापासून जाळं टाकलं जातं. उन्हाळ्यातल्या शालेय बास्केटबॉल स्पर्धांची स्वतंत्र मालिका या तिन्ही कंपन्या चालवतात.

३. हे सुरू कधी झालं?

नाइकीची मुळंच कॉलेजच्या धावपट्टीवर आहेत. ऑरेगन विद्यापीठाचे ट्रॅक कोच बिल बॉवरमन आणि त्यांचा धावपटू फिल नाइट यांनी १९६४ मध्ये ब्लू रिबन स्पोर्ट्स काढली, तीच पुढे नाइकी झाली.

पैशाचा खेळ मात्र १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. शालेय बास्केटबॉल स्पर्धा भरवणारे सॉनी व्हॅकारो यांनी नाइकीला सुचवलं की खेळाडूंना पैसे देता येत नाहीत ना, मग बास्केटबॉलच्या कोचला द्या आणि संघाला बूट फुकट द्या. कोच सांगेल ते बूट पोरं घालणारच. लास व्हेगासच्या विद्यापीठाचे जेरी टार्केनियन हे त्यातल्या पहिल्या कोचपैकी एक. १९८७ मध्ये मायामी विद्यापीठाने सगळ्या खेळांसाठी मिळून नाइकीशी करार केला आणि कोचच्या खिशातला व्यवहार विद्यापीठाच्या तिजोरीत गेला. आजचे करार त्याच साच्यातले आहेत.

४. 'अमुक विद्यापीठाला २५ कोटी डॉलर' अशी बातमी वाचली. एवढे पैसे खरंच मिळतात?

नाही. बातमीतला आकडा म्हणजे रोख, माल आणि रॉयल्टीचा अंदाज यांची बेरीज. तीही सगळ्या वर्षांची मिळून.

ओहायो स्टेटचा जानेवारी २०१६ मधला नाइकीशी झालेला करार घ्या. १५ वर्षं, २५ कोटी २० लाख डॉलर. त्यात किमान रोख १० कोटी ३० लाखांच्या आसपास, माल ११ कोटी २० लाखांचा आणि उरलेली रॉयल्टी. म्हणजे निम्म्याहून कमी रोख, आणि तीही १५ वर्षांत विभागलेली. वर्षाला सरासरी ७० लाख डॉलरच्या आत. रक्कम मोठीच आहे, पण मथळा वाचून मनात येते तेवढी नाही.

मालाच्या किमतीत आणखी एक मेख असते. करारात माल छापील किरकोळ किमतीने मोजलाय की घाऊक भावाने, हे बघावं लागतं. १५० डॉलरची चिठ्ठी लावलेला बूट कंपनीला कारखान्यात त्याच्या कितीतरी कमी पैशांत पडतो, हिशेबात मात्र १५० धरता येतात. त्यामुळे दोन विद्यापीठांच्या आकड्यांची तुलना करताना आधी रोख वेगळी काढा. आमच्या मते मालाचा आकडा मथळ्यात टाकूच नये, पण मग मथळा एवढा चमकणार नाही.

५. आजवरचा सगळ्यात गाजलेला करार कोणता?

गाजला आणि फसला, दोन्ही अर्थांनी यूसीएलएचा. मे २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या या विद्यापीठाने अंडर आर्मरशी १५ वर्षांचा, २८ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. तोवर कॉलेज खेळांत एवढा मोठा करार झाला नव्हता. १९९६ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या एका माजी फुटबॉलपटूने काढलेली ही कंपनी तेव्हा जोरात होती आणि नाइकीच्या अंगणात झेंडा रोवायची तिला घाई होती.

पुढे कंपनीचा धंदा मंदावला आणि मग कोविड आला. जून २०२० मध्ये अंडर आर्मरने करार मोडत असल्याचं कळवलं. त्यांचं म्हणणं असं की सामने बंद आहेत, ज्यासाठी पैसे मोजतो तो जाहिरातीचा लाभच मिळत नाही. यूसीएलए कोर्टात गेली. कंपनीने उलट दावा ठोकला आणि त्यात यूसीएलएने कंपनीच्या लोगोवर सामाजिक न्यायाच्या संदेशाचे पॅच लावून तो झाकला, अशीही तक्रार केली. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने सुमारे ६ कोटी ७५ लाख डॉलर दिले.

मधल्या काळात, डिसेंबर २०२० मध्ये, यूसीएलएने नाइकी-जॉर्डनशी सहा वर्षांचा करार करून टाकला होता, ४ कोटी ६० लाख डॉलरच्या थोड्या वरचा. दर वर्षाच्या हिशेबाने जुन्या कराराच्या निम्म्याहूनही कमी. बाजार कुठून कुठे आला ते यावरून दिसतं.

६. लहान कॉलेजांनाही असे पैसे मिळतात का?

बहुतेकांना रोख दमडीही मिळत नाही. त्यांचा व्यवहार बीएसएन स्पोर्ट्ससारख्या वितरकामार्फत होतो: अमुक रकमेची खरेदी आमच्याकडूनच करा, सूट देऊ, वर थोडा माल फुकट. म्हणजे कॉलेज गिऱ्हाईकच असतं, फक्त भाव बरा मिळतो. 'नाइकी स्कूल' हा शब्द रोख मिळणाऱ्या मोठ्या विद्यापीठांसाठी आणि अशा लहान कॉलेजांसाठीही वापरतात, म्हणून गोंधळ होतो.

७. जर्सीवरचा लोगो एवढासाच का असतो?

कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने कपडे बनवणाऱ्या कंपनीच्या लोगोला सव्वादोन चौरस इंचांची मर्यादा घातली आहे. म्हणून छातीच्या कोपऱ्यात तो छोटासा दिसतो. पण एवढ्याशा जागेसाठीही जीव टाकला जातो. अनेक करारांत बुटावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळायला स्पष्ट मनाई असते. घोट्याला आधार म्हणून फुटबॉल खेळाडू पूर्वी अशी पट्टी सर्रास लावायचे, पण तिच्याखाली लोगो झाकला जातो. आता पट्टी बुटाच्या आत, पायाला बांधायची.

८. कंपनीचा बूट पायाला बसत नसेल, चावत असेल तर?

डॉक्टरने किंवा संघाच्या ट्रेनरने लिहून दिलं तर बहुतेक करारांत सवलत असते. मात्र आधी कंपनीला दुसरा बूट बनवून द्यायची संधी द्यावी लागते. तरीही जमलं नाही तर दुसऱ्या ब्रँडचा बूट लोगो झाकून घालता येतो. व्यवहारात हे सगळं इक्विपमेंट मॅनेजर नावाचा माणूस गुपचूप निस्तरतो.

या प्रश्नाबरोबर ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचं नाव हमखास येतं, म्हणून तेही सांगतो. २० फेब्रुवारी २०१९, ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. विल्यमसनने वळायला डावा पाय रोवला आणि नाइकीचा बूट तळव्यापासून उसवून पाय बाहेर आला. गुडघा मुरगळला, तो काही आठवडे बाहेर बसला. प्रेक्षकांत बराक ओबामा होते, बुटाकडे बोट दाखवणारा त्यांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. दुसऱ्या दिवशी नाइकीचा शेअर सुमारे एक टक्का घसरला. त्या बुटासाठी ड्यूकला नाइकी मोबदला देत होती, विल्यमसनला नियमाने एक डॉलरही घेता येत नव्हता. त्याच उन्हाळ्यात व्यावसायिक झाल्यावर त्याने सही केली ती नाइकीच्याच जॉर्डन ब्रँडशी.

९. मग खेळाडूंना काहीच मिळत नाही का?

२०२१ पर्यंत स्कॉलरशिप आणि किट, बस. किट विकायचीही बंदी. जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने आपली एक जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून २०१० मध्ये त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्याच दिवसांत त्याच्या आठ नंबरची जर्सी विद्यापीठाच्या दुकानात राजरोस विकली जात होती.

जर्सीवर नाव नसतं, त्यामुळे ती कोणा एका खेळाडूची नाही, असा एनसीएएचा जुना दावा. ऑगस्ट २०१३ मध्ये समालोचक जे बिलास यांनी एनसीएएच्याच ऑनलाइन दुकानात 'मँझेल' असं टाइप करून पाहिलं, तर टेक्सास ए अँड एमची दोन नंबरची जर्सी पुढे आली. तोच त्यांचा खेळाडू जॉनी मँझेलचा नंबर. ते स्क्रीनचे फोटो टाकत सुटल्यावर दोन-तीन दिवसांत ते दुकान जर्सी विकेनासं झालं.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरू देऊन पैसे घेता येतात. याला तिकडे एनआयएल म्हणतात. आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या 'हाउस' खटल्याच्या (खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या) तडजोडीमुळे विद्यापीठालाही थेट खेळाडूंना पैसे देता येतात, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळाडूंचे मिळून. कपड्यांच्या करारातून विशिष्ट खेळाडूचा वाटा मात्र आपोआप निघत नाही. तो वेगळा मागावा लागतो.

१०. कॉलेज नाइकीचं आणि खेळाडूचा करार रीबॉकशी. हे कसं चालतं?

चालतं, पण संघाची वेळ आणि स्वतःची वेळ वेगळी ठेवून. बास्केटबॉलपटू एंजल रीसने ऑक्टोबर २०२३ मध्ये रीबॉकशी करार केला तेव्हा ती लुइझियाना स्टेटकडून खेळत होती, आणि ते नाइकीचं विद्यापीठ. सामन्यात नाइकी, रीबॉकच्या जाहिरातीत रीबॉक. संघाच्या कार्यक्रमात विद्यापीठाचा करार वरचढ ठरतो, आणि विद्यापीठाचं नाव-चिन्ह वैयक्तिक जाहिरातीत परवानगीशिवाय वापरता येत नाही. ६०० डॉलर आणि त्यावरचे बाहेरचे करार आता तपासणीसाठी नोंदवावे लागतात. राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत, तेव्हा सही करण्याआधी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसमध्ये (नियमपालन पाहणाऱ्या कार्यालयात) जाणं चुकवू नका.

११. माझा मुलगा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे, टेनिस संघात आहे. एका कंपनीने इन्स्टाग्राम पोस्टचे पैसे देऊ केलेत. घ्यावेत का?

थांबा. संघाचं किट घ्यायला काहीच हरकत नाही, ते सगळ्यांनाच मिळतं. पैसे घेऊन जाहिरात करणं ही वेगळी गोष्ट आहे. एफ-१ वर काम करण्याला कडक मर्यादा आहेत, आणि पोस्ट टाकणं, फोटो काढून देणं हे 'काम' धरलं जाऊ शकतं. एनसीएए परवानगी देते म्हणून व्हिसाचे नियम सैल होत नाहीत. शेकडो डॉलरपायी पदवी पणाला लागेल.

पुष्कळ परदेशी खेळाडू असं काम अमेरिकेबाहेर करतात. केंटकीचा ऑस्कर चिब्वे हा काँगोचा खेळाडू. ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाजला गेला तेव्हा त्याने आपली जाहिरातीची कामं तिथे उरकली. तुमच्या मुलालाही सुट्टीत पुण्याला आल्यावर इथे काम करण्याचा मार्ग कदाचित मोकळा असेल, पण कर आणि व्हिसा दोन्हींचा प्रश्न येतो. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारा, मग इमिग्रेशनच्या वकिलाला. मित्राच्या अनुभवावर जाऊ नका, त्याचा व्हिसा कदाचित वेगळा असेल.

१२. मुलींच्या संघांना तेवढाच माल मिळतो का?

मिळायला हवा. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानुसार साहित्याच्या बाबतीत मुलामुलींत भेदभाव करता येत नाही. माल कंपनीकडून फुकट आला, ही सबब नाही.

पण न्याय म्हणजे फक्त जोड्यांची मोजदाद नसते. टेनेसी विद्यापीठ २०१५ मध्ये आदिदासकडून नाइकीकडे गेलं तेव्हा 'एकच ओळख' म्हणून मुलींच्या संघांचं 'लेडी व्हॉल्स' हे नाव आणि निळसर छटेचं चिन्ह बास्केटबॉल सोडून बाकी खेळांतून काढलं. माजी खेळाडू आणि चाहते असे खवळले की २०१७ मध्ये ते परत आणावं लागलं.

१३. २०१७ चं एफबीआय प्रकरण काय होतं?

सप्टेंबर २०१७ मध्ये चार मोठ्या विद्यापीठांच्या असिस्टंट बास्केटबॉल कोचना आणि आदिदासच्या एका अधिकाऱ्याला अटक झाली. अधिकाऱ्यावर आरोप असा की होतकरू खेळाडूंनी आदिदासच्या कॉलेजात यावं म्हणून त्यांच्या घरच्यांना चोरून पैसे पोचवले जात होते. एका कुटुंबासाठी ठरलेला आकडा एक लाख डॉलर होता. तो मुलगा लुइव्हिल विद्यापीठात गेला होता, आणि लुइव्हिलने त्याच्या महिनाभर आधीच आदिदासशी १६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला होता.

ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या अधिकाऱ्यासह तिघांना दोषी ठरवलं. कायद्याच्या नजरेत फसवणूक झाली ती विद्यापीठांची, कारण अपात्र खेळाडूला त्यांनी नकळत स्कॉलरशिप दिली! ज्यांच्या संघासाठी हा खटाटोप झाला तेच पीडित. हा युक्तिवाद आम्हाला तेव्हाही पटला नव्हता. त्यातले बरेचसे व्यवहार आज प्र. ९ मधल्या नियमांखाली उघडपणे होऊ शकले असते.

१४. हे कपडे शिवतं कोण? विद्यापीठं त्याकडे लक्ष देतात का?

काही देतात, आणि तेही बहुतेकदा विद्यार्थी मागे लागतात म्हणून. १९९० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी कुलगुरूंच्या कार्यालयांत ठिय्या दिला, त्यातून २००० मध्ये वर्कर राइट्स कन्सॉर्शियम ही कारखाने तपासणारी संस्था उभी राहिली. त्याच वर्षी ऑरेगन विद्यापीठ तिचं सदस्य झालं, तेव्हा फिल नाइट यांनी स्टेडियमसाठी द्यायची तीन कोटी डॉलरची देणगी रागाने थांबवली होती.

दाब चालतो याचे पुरावे आहेत. होंडुरासमध्ये रसेल या कपड्यांच्या कंपनीने कामगार संघटना झाल्यावर एक कारखाना बंद केला, तेव्हा शंभराच्या आसपास विद्यापीठांनी तिचे परवाने (विद्यापीठाचं नाव-चिन्ह छापायचा हक्क) तोडले. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीला सुमारे १,२०० कामगार परत घ्यायचं कबूल करावं लागलं. इंडोनेशियात आदिदाससाठीही माल शिवणाऱ्या पीटी किझोन या कारखान्याचा मालक २०११ मध्ये पळून गेला. सुमारे २,७०० कामगारांची देणी अडकली. आदिदासचं म्हणणं, कारखाना आमचा नाही. कॉर्नेलसह अनेक विद्यापीठांनी संबंध तोडल्यावर २०१३ मध्ये आदिदासने तडजोड केली.

यात एक बारीक फरक आहे. ही कारवाई बहुधा दुकानातल्या मालाच्या परवान्यावर झाली, संघाच्या मोठ्या करारांना क्वचितच धक्का लागला. परवाना तोडणं स्वस्त पडतं.

१५. कंपनी बदलली की जुन्या कपड्यांचं काय होतं?

बदल बहुतेकदा १ जुलैला होतो. ३० जूनला एक लोगो, दुसऱ्या दिवशी दुसरा. भिंतींवरची चित्रं, पडदे, कोचच्या टोप्या, सगळं एका रात्रीत. जुना माल चाहत्यांना सेलमध्ये विकतात किंवा वाटून टाकतात. प्र. १२ मधलं टेनेसी जुलै २०२६ पासून पुन्हा आदिदासकडे, अशी घोषणा २०२५ मध्ये झाली. त्या करारात खेळाडूंच्या एनआयएलवर खास भर आहे. पूर्वी विद्यापीठं 'आम्हाला किती रोख' एवढंच विचारायची, आता 'आमच्या खेळाडूंना किती' हेही विचारू लागली आहेत.

१६. हे करार वाचायला मिळतात का?

सरकारी विद्यापीठांचे मिळतात. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखे तिथल्या राज्यांचे कायदे आहेत, पत्रकार त्याखालीच अर्ज करतात. ड्यूक, नोत्र दाम यांसारख्या खाजगी विद्यापीठांना हे बंधन नाही. करार हातात आलाच तर आधी परिशिष्ट उघडा. कोणत्या खेळाला किती जोड, कोणत्या विजयाला किती बोनस, सगळं तिथे असतं.

१७. मुलगी विद्यापीठाच्या बॅडमिंटन क्लबमध्ये आहे. तिला नाइकीचं किट का नाही मिळालं?

क्लब आणि व्हार्सिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करार व्हार्सिटी संघांपुरता, म्हणजे खेळ विभागाच्या अधिकृत संघांपुरता असतो. बॅडमिंटन आणि आपल्या पोरांनी चालवलेले क्रिकेट क्लब हे विद्यार्थ्यांचे उपक्रम. किट वर्गणीतून घ्यावं लागतं. उलट फायदाही आहे: हव्या त्या ब्रँडचे बूट घाला, कोणी विचारत नाही.

१८. आम्ही मराठी विद्यार्थी गणेशोत्सवाचे टी-शर्ट छापतोय. विद्यापीठाचा लोगो टाकला तर चालेल का? चाळीसच नग आहेत, विकणार नाही.

विकत नसलात तरी परवानगी लागते. संघाच्या करारापेक्षा ही वेगळी वाट आहे, परवान्याची. विद्यापीठाचं नाव आणि चिन्ह नोंदवलेला ट्रेडमार्क असतो आणि तो छापायचा हक्क ठरावीक परवानाधारकांनाच असतो. तुमचा गट विद्यापीठात नोंदवलेला असेल तर काम सोपं आहे: डिझाइन ट्रेडमार्क ऑफिसला पाठवा, त्यांच्या यादीतल्याच छपाईवाल्याकडे द्या. अंतर्गत वापरासाठी रॉयल्टी माफ होते का तेही विचारा, पुष्कळ ठिकाणी होते. मंजुरीला वेळ लागतो, तेव्हा डिझाइन चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पाठवू नका. आणि विद्यापीठाच्या मॅस्कॉटला (शुभंकराला) सोंड जोडायची कल्पना दरवर्षी कोणीतरी काढतंच. चिन्हात फेरफार केलेला चालत नाही, ती नामंजूर होते.